एक टँकर धरायला सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसाठीच्या उन्हाळी प्रवासनिधीचा आमचा अहवाल आणि हिशेब जमा झाला. पुढच्या वर्षी ज्यांना हा निधी मिळेल त्यांच्याही उपयोगी पडावे, म्हणून टंचाईतल्या पाण्याच्या टँकरचा माग कसा काढायचा, हे तुम्ही सांगितलेले इथे लिहून काढतो आणि त्यातच आभार मानतो.

प्रस्तावात 12 दिवसांत सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली 14 गावे होती. तुम्ही 13 खोडलीत. ‘गावं मोजू नका, टँकर एक धरा,’ म्हणालात. महाबळेश्वरात पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास, हे सगळ्यांचे लिहून झाले आहे. मंजूर झालेले पाणी विहिरीत किती पडते, हे मात्र टँकरमागे फिरल्याशिवाय कळत नाही.

तुमचे गणित सोपे होते. ग्रामीण भागात टँकरचा निकष माणशी रोज 20 लिटर. बाराशे वस्तीचे गाव म्हणजे 24,000 लिटर, म्हणजे 12,000 लिटरच्या टँकरच्या दोन खेपा. मग लॉगबुक, म्हणजे टँकरच्या खेपांची नोंदवही, आणि गाडीचे किलोमीटर शेजारी ठेवायचे. उद्भव, म्हणजे टँकर भरायची जागा, 18 किलोमीटरवर असेल तर दोन खेपांना 72 किलोमीटर धावले पाहिजेत. लॉगबुकात चार खेपा आणि किलोमीटर 75, तर कुठेतरी पाणी मुरते आहे. भरायला पाऊण तास, भरलेल्या गाडीला रस्त्यावर तेवढाच, ओतायला वीस मिनिटे, रिकामी परतायला अर्धा तास: एका खेपेला सव्वादोन तासांच्या वर जातात. उद्भवावर वीज गेली की सगळी रांग खोळंबते. त्यामुळे कमी खेपा दिसल्या की लगेच चोरी म्हणू नये. आधी त्या दिवशीची वीज विचारावी.

टाकीवर लिहिलेल्या आकड्यावरही विसंबायचे नाही. लंबवर्तुळाकार टाकीची रुंदी, उंची आणि लांबी मीटरमध्ये मोजून गुणायची, त्याला 0.785 ने गुणायचे, आलेले घनमीटर हजारपट केले की लिटर. 1.8, 1.5 आणि 5.6 मीटर म्हणजे सुमारे 11,900 लिटर. माप बाहेरून घेतलेले, म्हणून आत त्याहून थोडे कमीच.

कागद आधी मागवायचे, हे तर कुणीच सांगितले नसते. मे महिन्यात फिरायचे तर माहिती अधिकाराचा अर्ज एप्रिल लागताच टाकायचा, कारण उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा; लॉगबुक आणि ठेकेदाराची बिले एकाच अर्जात मागितली की तो परत येण्याची भीती. दोन अर्ज, दोन्हींवर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप.

पैशांचे थोडक्यात. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास एका तालुक्यात फिरणाऱ्यांच्या कामाचा नाही, आणि बायकांना अर्धे तिकीट असताना तर नाहीच. टँकरमागे दुचाकीच बरी: दिवसाला दीडशे किलोमीटर, साडेतीन लिटरच्या आत पेट्रोल. केबिनमध्ये बसायचे नाही; पाहुणे बसले की चालक त्या दिवशी नियमाने चालतो. एसटीच्या तिकिटाची आणि पंपाच्या पावतीची छपाई उन्हात उडते, म्हणून त्याच संध्याकाळी झेरॉक्स काढायची. वडापवाला, म्हणजे खासगी जीपने प्रवासी नेणारा, पावती देत नाही. तिथे तारीख, कुठून कुठे, रक्कम आणि सही असलेले साधे व्हाउचर लेखापालांना चालते का, हे निघण्यापूर्वी विचारून लेखी घ्यायचे.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. गावठाणातल्या विहिरीत टँकर रिकामा झाला म्हणजे गावाला पाणी मिळाले असे नव्हे; वाड्या-वस्त्यांची आणि दलितवस्तीची वेळ वेगळी नोंदवायची. आमच्या बातमीचा निम्मा जीव याच रकान्यात निघाला. आणि चालकाचे नाव गाळून फोटोत नंबरप्लेट ठेवली तर नाव गाळण्याला काही अर्थ उरत नाही. ठेकेदाराकडे त्याची रोजी आहे.

लॉगबुकांच्या झेरॉक्सचा एक संच एसटीच्या पार्सलने दहिवडीला पाठवतो आहोत. तुमची मोजपट्टीही त्यातच आहे. काकूंना नमस्कार सांगा.

आपल्या,
पत्रकारितेच्या दोघी विद्यार्थिनी, पुणे