गोरेपणाची ट्यूब लावण्याआधी वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुळशीची लग्नं लागली की बेळगाव-खानापूरकडे लग्नसराई सुरू होते आणि मेडिकलच्या काउंटरवर "गोरं व्हायची ट्यूब द्या" ही मागणी वाढते. नाव शेजारणीनं किंवा पार्लरमध्ये कुणीतरी सांगितलेलं असतं. चिठ्ठी नसली तरी ट्यूब मिळते. तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत काय छापलेलं असतं ते मराठी घरांना कळावं, म्हणून हे पत्र.

अशा अनेक ट्यूबांत तीन औषधं एकत्र असतात: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉईन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन ०.१ टक्के. यातलं तिसरं स्टेरॉईड, म्हणजे सूज-लाली दाबणारं औषध. ही ट्यूब वांगावरचं, म्हणजे गालांवर-कपाळावर येणाऱ्या तपकिरी डागांवरचं औषध आहे. डॉक्टर ते रात्री एकदा, फक्त डागावर, साधारण सहा ते आठ आठवडे लावायला देतात. आपल्याकडे तेच सबंध तोंडाला, पावडरीच्या आधी, वर्ष-वर्ष चोळलं जातं. काही ट्यूबांत बीटामेथासोन किंवा याहून बरंच कडक क्लोबेटासोल हे स्टेरॉईड असतं. अशी स्टेरॉईड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला २०१८ पासून मनाई आहे. 'आरएक्स' (Rx) हे चिन्ह दिसलं की ते सौंदर्यप्रसाधन नव्हे, औषध.

पहिल्या दोन आठवड्यांत चेहरा उजळतो, हे खरं. स्टेरॉईडनं रक्तवाहिन्या आकसतात, रंगद्रव्य दबतं. पुढं कातडी पातळ होते. भांगलणीला उन्हात गेलं की गाल भाजल्यासारखे लाल होतात, गालांवर तांबड्या शिरांची जाळी उमटते, हनुवटीवर लव वाढते, पुटकुळ्या येतात. ट्यूब थांबवली की चार-आठ दिवसांत आगआग आणि सूज. पुन्हा लावली की थंड. बाईला वाटतं ट्यूब मानवली, पण तिची त्वचा औषधाच्या आहारी गेलेली असते. पापण्यांपाशी लावत राहिल्यास डोळ्यांतला दाब वाढतो. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावल्यावर उमटणारे निळसर-काळे डाग सहसा जात नाहीत. गरोदरपणी ट्रेटिनॉईन नकोच.

बाजारातल्या बिनपत्त्याच्या डब्यांचा धोका वेगळा. काहींत पारा असतो. उत्पादकाचा पत्ता, परवाना नंबर, घटकांची यादी नसेल, किंवा "सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका" अशी सूचना असेल, तर ती डबी घेऊच नये. पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीला इजा करतो. लघवीला फेस, सकाळी डोळ्यांखाली सूज, घोट्यांवर सूज ही लक्षणं. उशीच्या अभ्र्यातून, टॉवेलातून तो पोरांनाही लागतो.

बंद कसं करायचं, इथंच लोक चुकतात. पाऱ्याची डबी त्याच दिवशी बंद करायची. ती जाळू नये, वाफ विषारी असते. प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून डॉक्टरांकडे न्यावी आणि लघवी तपासून घ्यावी. स्टेरॉईडचं तसं नाही. महिनोन्‌महिने लावलेली ट्यूब एकदम फेकली तर चेहरा पेटतो आणि माणूस घाबरून पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो. त्वचारोगतज्ज्ञ ती हळूहळू कमी करून देतात, गरज पडल्यास बिनस्टेरॉईडचं मलम देतात. तोवर साबण, लिंबू, हळद, ब्लीच, वाफ काहीच नको. साधं पाणी आणि बिनवासाचं व्हॅसलीन पुरे. सनस्क्रीन एसपीएफ ३० चं, तोंड-मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं लावावं. रानात असाल तर दर दोन तासांनी परत. डोक्यावरून पदर किंवा टोपी हवीच. त्वचा सावरायला महिने लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून धीर सोडू नये.

गजकर्णाला तीच ट्यूब लावायची सवयही मोडायला हवी. खाज तात्पुरती थांबते, पण आत बुरशी पसरत राहते.

ट्यूब बेळगावात घ्या नाहीतर कोल्हापूर-गोव्याहून आणा, बिल मागून घ्या. त्यावर बॅच नंबर असेल तर औषध नियंत्रण कार्यालयात केलेली तक्रार पुढं सरकायला मदत होते.

आपला,
एक औषधविक्रेता, शहापूर, बेळगाव