पटत नाही, एवढं कारण कोर्टाला पुरेसं का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या मावसबहिणीची घटस्फोटाची केस चालू आहे. दोघांचं पटत नाही हे दोन्ही घरांना कधीच कळलंय, बैठका झाल्या, पंच मंडळींनी समजावून झालं, पण नवरा म्युच्युअलला, म्हणजे दोघांच्या संमतीच्या घटस्फोटाला, सही करायला तयार नाही, म्हणून मग हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 खाली समोरच्याचा दोष सिद्ध करत बसायचं, छळ, व्यभिचार नाहीतर दोन वर्षं टाकून दिलं वगैरे. उलटतपासणीत तिला विचारलं, माहेरी जाताना मंगळसूत्र काढलं होतं का? कधी काढलं? कुणासमोर? तिचे वडील मागच्या बाकावर बसून ऐकत होते. संसार तर मोडलाच आहे, मग ही अब्रू कशासाठी काढायची?

लोक म्हणतात घटस्फोट नको तर नुसती वेगळं राहायची ऑर्डर घ्या. ती कलम 10 ची, पण 1976 च्या दुरुस्तीपासून तिथंही कारणं तीच लागतात, म्हणजे चिखलफेक तीच आणि दुसरं लग्नही करता येत नाही. वर त्या ऑर्डरनंतर वर्षभर एकत्र नांदले नाहीत तर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतो, ज्याच्यावर दोष लागला तोसुद्धा. मग आधी दोष उकरायचा कशाला?

विधी आयोगानं 1978 ला आणि परत 2009 ला सांगितलं की लग्न कायमचं मोडलंय हेच कारण धरा. 2013 ला राज्यसभेत तसं बिल पास झालं आणि पुढं लोकसभेत बारगळलं. 2023 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी या कारणावर घटस्फोट देता येतो म्हटलं, पण तो अधिकार राज्यघटनेच्या कलम 142 चा, फक्त त्यांचाच. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं, वकिलांनी किती वर्षं आंदोलनं केली त्यासाठी, पण या कारणावर तेही घटस्फोट देऊ शकत नाही. गडहिंग्लजच्या बाईनं दिल्ली गाठायची का?

बायकांना वाऱ्यावर सोडतील ही भीती खरी आहे, मी ती हलक्यात घेत नाही. पण त्या बिलात तीन वर्षं वेगळं राहिल्याची अट होती, आणि पैशाअभावी हाल होणार असतील तर बायकोला विरोध करता येत होता. जिथं मारहाण आहे तिथं छळाचं कलम राहू दे की. शाहू महाराजांनी 1919 सालीच बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला होता, त्या गावाच्या खासदारांनी तरी हे बिल परत मांडायला लावावं ही विनंती.

आपली एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर