नाव न सांगता मदत करणाऱ्यांचे आभार

जोडीदार गेल्यावर गाडी आणि विमा स्वतःच्या नावावर करायला सातारा आरटीओत येणाऱ्या ताईंना तुम्ही मदत करता. मनापासून आभार.

तुम्ही आधी तारीख विचारता, तेच बरोबर. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, ३ महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करायचा अर्ज, म्हणजे नमुना ३१, भरायचा. जुनी पॉलिसीही फार तर ३ महिने चालते. मुदत आधी संपली तर तिथपर्यंतच. हप्ता भरलाय म्हणून निर्धास्त राहणारे इथेच फसतात.

आरसीवर नावाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘ए’ असतो, मृत्यू दाखल्यावर नसतो. तेवढ्यावर काम अडतं. तुम्ही दोन्ही कागद शेजारी धरून, बोट ठेवून अक्षर न् अक्षर जुळवता. केवढा हेलपाटा वाचतो! कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्रही आठवणीनं मागता.

सगळ्यात मोलाचं म्हणजे नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. पतीचा बोनस पत्नीला मिळतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट त्यानं टिकते. मात्र मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण हवं तर लायसन्स ताईंच्या नावानं लागतं, हेही तुम्ही समजावून सांगता, घाई न करता.