आकाशातला मनोरा बोटींसाठी हवा

संपादक महोदय,
सुमारे २० किलोमीटर उंचीवरच्या सौर विमानांतून आणि फुग्यांतून धावत्या प्रवाशांना इंटरनेट पुरवण्याविषयीचा आपला लेख वाचला. कल्पना चांगली आहे, पण त्यात कोकण रेल्वेच्या प्रवाशाचे दिलेले उदाहरण पटले नाही. या मार्गावर ९० हून अधिक बोगदे आहेत. त्यातला करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा! आकाशातली लहर डोंगराच्या पोटात शिरत नाही. तिथे बोगद्यातच केबल टाकावी लागते.

या सोयीचा खरा गरजू धावता ग्राहक समुद्रात आहे. किनाऱ्यापासून थोडे दूर गेले की मोबाइलच्या पट्ट्या एकेक करून उतरतात, मग तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या, हाती उरतो तो वायरलेस सेट, आणि त्याचाही पल्ला मर्यादितच. २०१७ साली ओखी वादळाचा इशारा निघाला तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी बोटी आधीच खोल समुद्रात होत्या. त्यांतल्या अनेक भरकटत थेट देवगड बंदरात आसऱ्याला आल्या. समुद्रात मोबाइलचा मनोरा उभारता येत नाही, आणि वर मोकळे आकाश असते. उंचावरच्या यंत्रणेला याहून सोयीची जागा कोणती?

गूगलच्या मूळ कंपनीचा ‘लून’ फुग्यांचा प्रकल्प खर्च न परवडल्याने २०२१ मध्ये गुंडाळला गेला. मात्र २०१७ च्याच मारिया चक्रीवादळानंतर कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर याच फुग्यांनी लोकांना जोडून दिले होते. तेव्हा चाचणी घ्यायचीच तर पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर, ऑगस्टमध्ये, आमच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवर घ्यावी.

– एक वाचक, रत्नागिरी