दहापैकी चार म्हणजे बहुतेक का?

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

माझ्या इंग्रजी अहवालातला एक 'ऑफ' तुम्ही पेन्सिलीने खोडलात आणि त्याच्या शेजारचा 'द' उचलून 'मोस्ट'च्या आधी नेऊन ठेवलात. एवढ्याशा गोष्टीचे जाहीर आभार कसले, असं कुणालाही वाटेल. पण त्या दोन शब्दांपायी मी चक्क खोटं लिहून बसलो होतो.

मतं होती दहा. पहिल्या प्रस्तावाला चार, बाकीच्या दोघांना तीन-तीन. मी लिहिलं, पहिल्याला 'मोस्ट ऑफ द व्होट्स' मिळाली. तुम्ही चष्म्यावरून बघत विचारलंत, "दहापैकी चार म्हणजे बहुतेक का हो?" मग 'द मोस्ट व्होट्स' केलंत. सर्वांत जास्त मतं, पण निम्मीसुद्धा नाहीत! आपल्याकडे दोन अर्थांना दोन शब्द आहेत. इंग्रजी एकाच 'मोस्ट'वर दोन्ही भागवतं आणि सगळा भार त्या 'द'वर टाकतं. शाळेत मी 'द मोस्ट' फक्त 'ब्युटिफुल'च्या आधी पाठ केला होता. नामाआधीही तो येतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. किंवा सांगितलं असेल, माझंच लक्ष नसेल.

'मोस्ट ऑफ पीपल' हे तर माझं जुनं दुखणं. सर्वसाधारण माणसांबद्दल बोलायचं तर नुसतं 'मोस्ट पीपल'. या खोलीतली ठरावीक माणसं असतील तर 'मोस्ट ऑफ द पीपल'. माझं ना धड इकडचं, ना तिकडचं. क्रियापदही पुढच्या नामाकडे बघून ठरतं: 'मोस्ट ऑफ द वर्क इज', पण 'मोस्ट ऑफ द फाइल्स आर'.

एक खोड मात्र मराठीनेच लावली. 'बहुतेक येईन' म्हणायची सवय, म्हणून इंग्रजीतही 'मोस्टली आय विल कम'. त्याचा अर्थ 'बहुतेक वेळा मी येत जाईन' असा काहीतरी होतो, हे कळल्यावर जुने मेसेज आठवून कानकोंडा झालो. परवा मित्राला कळवताना तोच शब्द पुन्हा बोटांवर आला. पुसून 'प्रॉबेब्ली' केलं.

सुधारलेला अहवाल सोबत आहे. तिसऱ्या पानावर 'ऑलमोस्ट मेंबर्स' राहिलं होतं, तुमच्या नजरेतून कसं सुटलं कोण जाणे. मीच मध्ये 'ऑल' घातला.

आपला,
एक उशिरा शिकलेला विद्यार्थी