कोल्हापूरच्या मिस्त्रीमामांना अनावृत आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीमामा,
सादर नमस्कार.

जुन्या मोटारींवरील माझ्या लेखासाठी आपण ट्रकच्या बॉड्या बांधण्याच्या आपल्या अनुभवातून जी मदत केलीत, तिचे ऋण चारचौघांत मान्य करावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉईस कंपनी आपल्या डर्बीच्या कारखान्यातून पूर्ण मोटार विकत नसे. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर आणि बॉनेट बसवलेली उघडी चॅसी, म्हणजे चाकांवरचा नुसता लोखंडी सांगाडा, तेथून निघे आणि गिऱ्हाइकाने निवडलेल्या पेढीकडे बॉडी बांधण्यासाठी जाई. लंडनच्या बार्कर आणि हूपर या त्यांपैकी नामांकित पेढ्या मूळच्या घोडागाड्या बांधणाऱ्या. प्रत्येक चॅसीचे एक कार्ड कारखान्यात राही. 1926 सालच्या एका फँटम या रोल्स-रॉईस मोटारीच्या अशाच कार्डाची प्रत मी आपल्याला दाखवली होती. चॅसी रवाना झाल्याची आणि गाडी मालकाच्या ताब्यात गेल्याची तारीख यांत साडेतीन महिन्यांचे अंतर पाहून, पेढीने दिरंगाई केली असे मी लिहून मोकळा झालो होतो. आपण मला खोडून काढले नाही. "आठवडाभर शेडमध्ये येऊन बसा," एवढेच म्हणालात.

त्या आठवड्यातील एक दुपार मी विसरणार नाही. आपण ट्रकचे पुढचे एक चाक लाकडी ठोकळ्यावर चढवायला लावले आणि केबिनचे दार उघडायला सांगितले. दार अडकले. चॅसी पिळते, तिच्याबरोबर बॉडीही पिळते, म्हणून बॉडी आवळून बांधायची नसते, हे आपण बॉडी चॅसीला धरून ठेवणाऱ्या यू-बोल्टखालच्या पट्टीवर हात ठेवून समजावले. इंग्लंडमधील अ‍ॅश लाकडाचे सांगाडे का करकरत आणि त्या काळी वेमन या बॉडी-निर्मात्याच्या कापडी, लवचिक बॉडीला एवढी मागणी का आली, हे मला त्या अडकलेल्या दाराने शिकवले. कार्डावर बॉडीचा प्रकार आणि प्रवासी-सामानाचे वजन का नोंदवत, तेही तेव्हाच उमगले: त्यावरून पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ठरत. म्हणजे वजनाचा हिशेब चॅसी दारात येण्यापूर्वीच जमवावा लागे. नकाशे आधी येत, सांगाड्याचे पूर्ण मापाचे चित्र भिंतीवर काढले जाई. पुढे रंगाचा एकेक हात, तो वाळण्याची वाट आणि पुन्हा घासणे, यांत आठवडे जात. माझे साडेतीन महिने असे हिशेबात बसले.

"असली गाडी आपल्या घाटात टिकली असती का?" असे आपण विचारले होते. 1908 साली मुंबई ते कोल्हापूर अशा 620 मैलांच्या चाचणीत रोल्स-रॉईसची एक सिल्व्हर घोस्ट मोटार सह्याद्रीचे घाट ओलांडून गेली आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली, हे ऐकून आपण हातातला रंधा खाली ठेवलात. तो आनंद मलाही झाला.

ज्या कारागिरांना मी नकळत आळशी ठरवले होते, त्यांची बाजू मांडणारे येथे आपल्याशिवाय कोणी नव्हते. दिरंगाईचा परिच्छेद मी काढून टाकला आहे. नव्याने लिहिलेली पाने सोबत जोडली आहेत. पाट्यांविषयीचा भाग आपण एकदा नजरेखालून घालावा, ही विनंती.

आपला ऋणी,
एक मोटारप्रेमी लेखक