वसईहून देवळांत आलेल्या घंटा : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या चर्चमधल्या पोर्तुगीज घंटा विजयाची खूण म्हणून देवळांना वाहिल्या गेल्या. एक भीमाशंकरला, एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल आहे. नारोशंकराच्या घंटेवर १७२१. घंटेचा जन्मदाखला तो एवढाच, आणि आपण तोच झिजवतो आहोत.

सणाआधी चिंच, लिंबू किंवा पॉलिश लावून घंटा घासली की उठावाच्या अक्षरांच्या कडा बोथट होतात. ऑइलपेंट दिला तर अक्षरे बुजतात, नादही दबतो.

या घंटांना सरसकट पंचधातूच्या म्हणतात. युरोपातल्या चर्चच्या घंटा मात्र कांशाच्या असत : साधारण ७८ टक्के तांबे, २२ टक्के कथील. कथिलामुळे नाद येतो आणि धातू ठिसूळही होतो. म्हणून तडा गेल्यावर गावातल्या वर्कशॉपमध्ये पितळेचे वेल्डिंग करू देऊ नये. एकाच जागी तापल्याने तडा आणखी लांबतो.

तडा जाण्याचे एक मोठे कारण वाजवण्याच्या पद्धतीत आहे. लोलकाला, म्हणजे घंटेच्या आतल्या टोल देणाऱ्या दांड्याला, दोरी बांधून तो काठावर ओढून धरला, की घंटेला मोकळे थरथरता येत नाही आणि सगळा ताण त्या एका जागी बसतो. टोल देऊन लोलक लगेच सुटला पाहिजे. टोलाच्या जागी खळगा पडला असेल तर घंटा टांगणीवरच पाव फेरा फिरवावी, म्हणजे न झिजलेला काठ समोर येतो. मेणवलीची घंटा सुमारे ६५० किलोची सांगतात. ती फिरवताना भार पेलायला निदान २ टनांची चेनपुली हवी, आणि तुळईची भिंतीत गेलेली टोके आधी टोचून बघायला हवीत. पाणी तिथेच मुरते.

आमची मागणी : अशा प्रत्येक घंटेची नोंद करा. तोंडाचा व्यास, उंची, टोलाच्या जागची जाडी. फोटो अंधारात, टॉर्च अक्षरांना जवळजवळ समांतर धरून घ्यावेत. पुसट साल तेव्हाच उमटते. दरवर्षी नादाचे रेकॉर्डिंग करावे, कारण डोळ्यांना न दिसणारा तडा नादात आधी कळतो. घंटा देवळातच राहू द्याव्यात. पण त्या घासू, रंगवू किंवा जोडू नयेत, असे लेखी पत्र संबंधित देवस्थानांना येत्या नवरात्रीच्या साफसफाईआधी पोहोचावे.

आपले,
जुन्या घंटांचे अभ्यासक